हँडब्रेक न सोडताच गाडी चालवली : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गाडी शिकणारे करतात, वीस वर्षं चालवणारेही करतात. बहुतेक वेळा काही होत नाही, आणि क्वचित खूप काही होतं. आपलं प्रकरण यातलं कोणतं, हे ठरवायला खालची उत्तरं उपयोगी पडतील.

हँडब्रेक वर असतानाच गाडी चालवली गेली. काही बिघडलं असेल का?

हँडब्रेक किती ओढलेला होता, गाडी किती अंतर गेली आणि किती वेगाने गेली, या तीन गोष्टींवर ते अवलंबून आहे. पार्किंगमधून काढून शे-दोनशे मीटर गेल्यावर लक्षात आलं असेल, तर लिव्हर खाली करा आणि विसरून जा. लायनर, म्हणजे ब्रेकचं घासणारं अस्तर, नखभरही झिजला नसेल. चार-पाच किलोमीटर गेलात आणि जळका वास आला, तर पुढच्या दोन-चार दिवसांत मागची चाकं दाखवून घ्या. महामार्गावर वेगाने गेलात, धूर दिसला किंवा पायाचा ब्रेक नेहमीपेक्षा मऊ लागला, तर तपासणी होईपर्यंत गाडी चालवू नका.

ब्रेक लागलेला असताना गाडी पुढे जातेच कशी?

हँडब्रेकचं काम उभी गाडी उभी ठेवणं एवढंच आहे. संयुक्त राष्ट्रांच्या गाड्यांविषयीच्या नियमावलीत प्रवासी गाड्यांच्या ब्रेकसाठी आर 13-एच हा नियम आहे. त्यानुसार पूर्ण भरलेली गाडी 20 टक्के चढावर किंवा उतारावर पार्किंग ब्रेकने जागेवर राहिली पाहिजे. भरलेल्या गाडीचं वजन 1500 किलो धरलं, तर त्या उतारावर तिला खाली ओढणारं बळ साधारण 2900 न्यूटन होतं. तेवढं धरून ठेवलं की ब्रेक पास.

आता इंजिनाकडे बघा. छोट्या पेट्रोल इंजिनाचा 110 न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर) पहिल्या गिअरमध्ये जवळपास चौदा पटींनी वाढून चाकांपर्यंत पोचतो. चाकाच्या त्रिज्येने भागलं तर रस्त्यावर 5000 न्यूटनच्या आसपास बळ मिळतं. सपाट रस्त्यावर इंजिन सहज जिंकतं. हा हिशोब नीट ॲडजस्ट केलेल्या आणि पूर्ण ओढलेल्या हँडब्रेकचा झाला. केबल ढिली असेल किंवा लिव्हर अर्धाच वर असेल, तर इंजिनाला फारसा विरोध जाणवतही नाही.

चालवताना ओळखायचं कसं?

सगळ्यात भरवशाची खूण म्हणजे ॲक्सिलरेटरवरून पाय काढल्यावर गाडी काय करते. मोकळी गाडी घरंगळत राहते. हँडब्रेक लागलेला असेल तर कुणीतरी मागून धरल्यासारखी बसते. मॅन्युअल गाडीत क्लच दाबून बघा, म्हणजे इंजिनाचा अडसर जातो आणि उरतो तो फक्त चाकांचा.

बाकीच्या खुणा अशा : निघताना गाडीचा मागचा भाग किंचित खाली दबतो, नेहमीच्या वेगाला नेहमीचा गिअर ओढत नाही, मागून घासल्याचा किंवा गुणगुणल्यासारखा आवाज येतो. वास सगळ्यात शेवटी येतो. काचा बंद आणि एसी चालू असेल तर तो सिग्नलला थांबल्यावरच कळतो, आणि तोवर पुढच्या ट्रकचा असेल असं वाटून आपण तिथेच सोडून देतो.

पण डॅशबोर्डवर दिवा लागला नव्हता!

या प्रश्नावर जरा थांबू या, कारण बहुतेक गोंधळ इथूनच सुरू होतो.

लिव्हरच्या हँडब्रेकमध्ये तो लाल दिवा लिव्हरच्या बुडाशी असलेल्या एका साध्या स्विचवर चालतो. लिव्हर वर गेला की स्विच सुटतो आणि दिवा लागतो. लिव्हर पूर्ण खाली बसला की स्विच दाबला जातो आणि दिवा विझतो. त्यामुळे दिवा फक्त लिव्हर कुठे आहे ते सांगतो. चाकाशी काय चाललंय याची त्याला खबर नसते. केबल गंजून ओढलेल्या अवस्थेत अडकली असेल, तर लिव्हर खाली, दिवा बंद आणि मागचं चाक मात्र घासतंय, असंही होतं. स्विच जागचा हलला असेल, तर लिव्हर एक-दोन क्लिक वर असतानाही दिवा लागत नाही.

उलटंही घडतं. बऱ्याच गाड्यांत हाच दिवा ब्रेक ऑइल कमी झाल्याची सूचना देतो. लिव्हर पूर्ण खाली असूनही दिवा लागलेला असेल, किंवा वळणावर लुकलुकत असेल, तर आधी बॉनेट उघडून ब्रेक ऑइलची पातळी बघा. गळती असेल किंवा पॅड (डिस्क ब्रेकमध्ये चाकाबरोबर फिरणाऱ्या चकतीला घासणारे तुकडे) बरेच झिजले असतील.

पूर्ण ओढलेला राहणं जास्त वाईट की अर्धवट?

अर्धवट, यात मला शंका नाही. पूर्ण ओढलेला हँडब्रेक लगेच बोलतो : गाडी उठत नाही, मॅन्युअल असेल तर बंद पडते, आणि शंभर मीटरच्या आत आपण खाली बघतो. एक-दोन क्लिकवर राहिलेला लिव्हर गप्प बसतो. गाडी थोडी जड वाटते, आपण चढ असेल, माणसं जास्त असतील, टायरमध्ये हवा कमी असेल अशी कारणं शोधतो, आणि तशीच वीस किलोमीटर जाते. धूर निघेपर्यंत प्रकरण जातं ते अशाच गाड्यांचं.

मागे नेमकं काय तापतं, आणि किती?

केबलमुळे ड्रममधले (चाकाबरोबर फिरणाऱ्या बिडाच्या डब्यातले) दोन शू, म्हणजे कमानीसारख्या पट्ट्या, बाहेर ढकलले जातात आणि त्यांच्यावरचे लायनर फिरत्या ड्रमला घासतात. घर्षणात खर्च झालेली सगळी ताकद उष्णता होऊन तिथेच जमते.

अंदाज यावा म्हणून एक हिशोब. अर्धवट हँडब्रेक गाडीला 300 न्यूटनने मागे धरतोय असं समजू. ताशी 60 किलोमीटर वेगाला ही 5 किलोवॅट उष्णता झाली, म्हणजे प्रत्येक मागच्या चाकात अडीच इस्त्र्या चालू ठेवल्यासारखं. एक किलोमीटरला एकूण 300 किलोज्यूल. दोन्ही ड्रम मिळून 10 किलो बीड धरलं, तर हवेत निघून जाणारी उष्णता वगळता प्रत्येक किलोमीटरला तापमान सुमारे 60 अंशांनी चढतं. प्रत्यक्षात वारा बरीच उष्णता नेतो, तरी पाच-सहा किलोमीटरनंतर ड्रम हात लावण्यापलीकडे गेलेला असतो. आणि ड्रम बंद डबा आहे, आतली उष्णता सहज बाहेर पडत नाही.

तिथून ती पसरते. लायनरमधला राळेसारखा बांधणारा पदार्थ करपतो, तो वास त्याचाच. व्हील सिलिंडरचे (पायाचा ब्रेक दाबल्यावर ऑइलच्या दाबाने शू ढकलणाऱ्या भागाचे) रबरी सील कडक होतात. बेअरिंगचं ग्रीस पातळ होऊन गळतं. फार झालं तर लायनर शूवरून सुटतो आणि ड्रममध्ये अडकतो. टायर पेटण्यापर्यंत गोष्टी जाणं दुर्मीळ आहे, पण ते अशक्य नाही.

पायाचा ब्रेक एकदम मऊ झाला, पेडल खाली गेलं. हे त्यामुळेच?

बहुधा हो, आणि या पानावरची सगळ्यात धोकादायक गोष्ट हीच आहे.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं. डॉट 4 दर्जाचं नवं ऑइल किमान 230 अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण ओलावा शिरलेल्या ऑइलसाठी हीच मर्यादा 155 अंश धरली जाते. डॉट 3 साठी हे आकडे 205 आणि 140 आहेत. वर्षानुवर्षं न बदललेलं ऑइल आणि भट्टी झालेला ड्रम एकत्र आले की सिलिंडरमधलं ऑइल उकळून वाफ होते. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. म्हणून पेडल दाबलं की वाफच आकसते आणि चाकापर्यंत दाब पोचत नाही.

पेडल असं खाली जाऊ लागलं तर भराभर पंप करा, गिअर एकेक करून उतरवा आणि गाडी कडेला घ्या. थंड झाल्यावर पेडल पुन्हा कडक होतं, आणि लोक नेमके इथे फसतात. ते आपोआप बरं झालेलं नसतं. ऑइल बदलून हवा काढल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणू नका.

लक्षात आल्या आल्या काय करायचं?

लिव्हर सोडा. मग वास, धूर आणि पेडल या तिन्हींचा अंदाज घ्या.

काहीच जाणवत नसेल तर चालत राहा. फक्त ब्रेकचा वापर कमीत कमी ठेवा, म्हणजे चाकांना वारा लागून ड्रम निवतील. वास येतोय पण पेडल नेहमीसारखं आहे, तर अशीच हळू दोन-तीन किलोमीटर चालवून मोकळ्या, सपाट जागी थांबा.

धूर निघत असेल तर पुढे जाऊ नका. सुकं गवत किंवा पाचोळा नसलेल्या जागी थांबा, इंजिन बंद करा, सगळ्यांना उतरवा आणि गाडीपासून लांब उभे राहा. तापलेल्या टायरसमोर वाकून बघत बसू नका, तो फुटू शकतो. ज्वाळा दिसल्या आणि जवळ पावडरचं अग्निशामक असेल तर लांबून वापरा. नसेल तर गाडीपेक्षा माणसं महत्त्वाची, अग्निशमन दलाला फोन लावा.

थांबल्यावर सवयीने पुन्हा हँडब्रेक ओढू नका. तापलेला ड्रम फुगलेला असतो. त्यात शू दाबून ठेवले आणि ड्रम थंड होऊन आकसला, की तो शूंना असा आवळतो की नंतर चाक सुटता सुटत नाही. गाडी गिअरमध्ये ठेवा, ऑटोमॅटिक असेल तर पी मध्ये, आणि चाकाला दगड किंवा लाकडाचा ठोकळा लावा.

अर्ध्या तासाने चाकाच्या मध्याजवळ तळहात न्या, टेकवू नका. डाव्या-उजव्या चाकांत मोठा फरक जाणवला, तर एका बाजूची केबल किंवा शू अजून अडकलेला आहे.

लवकर थंड व्हावं म्हणून पाणी ओतलं तर?

नको. तापलेल्या बिडावर गार पाणी पडलं की ते वाकडं होतं किंवा तडकतं. नंतर प्रत्येक ब्रेकला पेडल थरथरायला लागतं.

गॅरेजमध्ये काय तपासायला सांगायचं?

"ब्रेक बघून द्या" एवढंच सांगितलंत तर चाक फिरवून "ठीक आहे" म्हणतील. ड्रम उघडायला सांगा, आणि शक्य असेल तर उघडताना शेजारी उभे राहा.

चांगल्या लायनरचा पृष्ठभाग मळकट आणि थोडा खरखरीत असतो. करपलेला लायनर उजेडात तिरका धरला की चकाकतो, बोट फिरवलं तर तुळतुळीत लागतो, आणि कडेला बारीक भेगा दिसतात. ड्रमच्या आतल्या बाजूला निळसर-जांभळे डाग असतील तर तिथे बीड फार तापलेलं आहे. शूंना आत खेचणाऱ्या स्प्रिंगचा रंग बदलला असेल तर तिचा ताण गेला आहे. ती बदलून घ्या, नाहीतर ब्रेक सोडल्यावर शू पूर्ण मागे येणार नाहीत आणि हेच सगळं पुन्हा होईल. व्हील सिलिंडरची रबरी टोपी थोडी उचलून बघायला सांगा : आत ओल दिसली तर सील गेला. शेवटी चाक हाताने फिरवून बेअरिंगची घरघर ऐका, आणि हबभोवती ग्रीसचे शिंतोडे आहेत का बघा.

लायनर नुसता वरवर चमकत असेल तर काही मेकॅनिक पॉलिश पेपरने घासून परत बसवतात. हलक्या चमकीला ते चालतं. भेगा असतील तर दोन्ही चाकांचे शू एकदमच बदला. एका बाजूला नवा आणि एका बाजूला जुना ठेवलात तर गाडी ब्रेक लावताना एकीकडे ओढते.

आणखी एक, सहसा कुणी न सांगणारी गोष्ट. ड्रम ब्रेकमध्ये आपोआप ॲडजस्ट होणारी यंत्रणा असते. ड्रम तापून फुगलेला असताना पायाचा ब्रेक वारंवार दाबला गेला, तर ती शूंना गरजेपेक्षा जास्त बाहेर सरकवू शकते. मग गार झाल्यावर लिव्हर खाली असूनही चाक घासतं. तपासणीत हेही ढिलं करून घ्यावं लागतं.

माझ्या गाडीला मागेही डिस्क आहेत. मग काळजी नाही ना?

कमी आहे, पण आहे. काही गाड्यांत केबल कॅलिपरचा (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या पकडीचा) पिस्टनच पुढे ढकलते, तेव्हा नेहमीचेच पॅड आणि डिस्क तापतात. डिस्क उघडी असल्याने लवकर निवते. काहींमध्ये डिस्कच्या पोटात हँडब्रेकसाठी वेगळा छोटा ड्रम असतो. तिथले शू चालत्या गाडीला आवरण्यासाठी केलेलेच नसतात, त्यामुळे ते फार लवकर जळतात. पायाचा ब्रेक उत्तम चालतो म्हणून कुणाच्या ध्यानात येत नाही, आणि पुढच्या चढावर हँडब्रेक गाडी धरत नाही तेव्हा कळतं.

डिस्कची अडचण ड्रमच्या उलटी आहे. तापलेली डिस्क थंड होताना आकसते आणि पॅडची पकड सैल पडते. घाट उतरून आल्यावर उतारावर लावलेली गाडी काही वेळाने आपोआप घरंगळण्यामागे हेही एक कारण असतं. म्हणून उतारावर गिअर किंवा पी, आणि चाकं कडेच्या बाजूला वळवलेली हवीत.

जुन्या साब आणि सिट्रोएनच्या काही मॉडेलांत हँडब्रेक पुढच्या चाकांवर असायचा. तशी गाडी सांभाळत असाल तर वरचं सगळं पुढच्या चाकांना लागू करा.

बटणाच्या पार्किंग ब्रेकमध्ये ही चूक होऊ शकते का?

फार कमी. 2001 मध्ये बीएमडब्ल्यूच्या 7 सिरीजमध्ये आलेला हा प्रकार आता छोट्या गाड्यांतही पोचला आहे. दार बंद, पट्टा लावलेला, गिअर टाकलेला आणि ॲक्सिलरेटर दाबलेला दिसला की बऱ्याच गाड्यांत तो आपोआप सुटतो. विसरायची संधीच उरत नाही.

बिघाड मात्र होतात : मोटर अडकते किंवा कॅलिपर गंजतो. पॅड बदलताना पिस्टन जोर लावून मागे ढकलू देऊ नका. आधी गाडी सर्व्हिस मोडमध्ये घालून मोटर मागे घ्यावी लागते, नाहीतर मोटरचे गिअर तुटतात.

ऑटोमॅटिक गाडीत कळायला उशीर का लागतो?

क्लच नाही, गाडी बंद पडत नाही, क्लचच्या जागी असलेला टॉर्क कन्व्हर्टर गुपचूप जोर वाढवत राहतो. एक खूण तरी लक्षात ठेवा : डी मध्ये टाकून पायाचा ब्रेक सोडल्यावर सपाट जागी गाडी आपणहून सरकली नाही, तर आधी हँडब्रेक बघा. सरकण्याची सोय नसलेल्या किंवा ऑटो होल्ड (थांबलेली गाडी आपोआप ब्रेकवर धरून ठेवणारी सोय) चालू असलेल्या गाडीत ही खूण लागू नाही.

इलेक्ट्रिक गाडीत आणखी कठीण. ॲक्सिलरेटर सोडल्यावर ती रिजनरेशनमुळे (मोटर उलट वीज बनवून बॅटरी भरते त्यामुळे) तशीही मंदावते, त्यामुळे ओढ कशाची आहे हे कळत नाही. तिथे बॅटरी नेहमीपेक्षा भराभर उतरणं आणि एकच चाक तापणं यावरून अंदाज घ्यावा लागतो.

क्लच, इंजिन किंवा गिअरबॉक्स खराब होतो का?

इंजिनाला आणि गिअरबॉक्सला काही होत नाही. क्लचला होऊ शकतं, तेही गाडी उठत नाही म्हणून हाफ क्लचवर रेस देत राहिलात तर. दोन्हींचे वास सारखेच वाटतात. उतरून बघा : मागच्या चाकांपाशी तीव्र असेल तर ब्रेक, बॉनेटच्या बाजूला असेल तर क्लच.

बरेच दिवस उभी होती. हँडब्रेक सोडला तरी मागचं चाक फिरत नाही.

लायनर गंजाने ड्रमला चिकटला आहे. थोडं पुढे, थोडं मागे असं हलक्या क्लचने दोन-चारदा करून बघा. बहुतेक वेळा "टक्" असा आवाज होऊन सुटतो. नाही सुटला तर जोर करून गाडी फरफटवू नका. टायर एकाच जागी घासून सपाट होतो आणि लायनर शूवरून उखडतो. मेकॅनिकला जागेवर बोलवा.

काही आठवडे उभी ठेवायची असेल तर सपाट जागी गिअरमध्ये ठेवा, चाकांना ठोकळे लावा आणि हँडब्रेक सोडूनच ठेवा. गाडी धुतल्यावर किंवा पावसातून आल्यावर तर नक्कीच. कडाक्याच्या थंडीच्या प्रदेशात केबल गोठते, तिथेही हेच करा.

मग रोजच्या पार्किंगला नुसता गिअर पुरे का?

नाही. उतारावर एकट्या इंजिनाच्या भरवशावर सोडलेली गाडी हळूहळू सरकू शकते. ऑटोमॅटिकमध्ये पी चा अर्थ गिअरबॉक्समधल्या एका दात्यावर सगळा भार, एवढाच. आधी पायाचा ब्रेक, मग एन, मग हँडब्रेक, पाय सोडून गाडी हँडब्रेकवर बसू द्या आणि शेवटी पी. असं केलं की सकाळी पी मधून काढताना धाडकन आवाज येत नाही.

पुन्हा होऊ नये म्हणून काय करावं?

निघताना लिव्हर खाली करताना बटण दाबून आधी किंचित वर ओढा, मग तळाला टेकेपर्यंत न्या. अर्धवट राहतो तो मध्येच बटण सुटल्यामुळे. मग निघाल्यावर पहिल्या पन्नास मीटरमध्ये, मागे कुणी नसताना, ॲक्सिलरेटरवरून पाय उचलून बघा. गाडी मोकळी वाहिली तर चाकं सुटलेली आहेत. दिवा जे सांगू शकत नाही ते इथे कळतं, अडकलेली केबलसुद्धा.

लिव्हर किती क्लिकला धरायला हवा?

गाडीच्या पुस्तिकेत आकडा दिलेला असतो, तोच खरा. लिव्हर खूपच वर येत असेल तर लायनर झिजले आहेत किंवा केबल ताणली गेली आहे. लगेच केबल आवळू नका. आधी ड्रममध्ये शूंचं अंतर नीट करायचं, उरलेला ढिलेपणा केबलवर काढायचा. उलट क्रमाने केलं तर लिव्हर दोन क्लिकला मस्त धरतो, पण खाली ठेवल्यावरही शू ड्रमला टेकलेलेच राहतात. केबल आवळून आणलेल्या गाडीची मागची दोन्ही चाकं जॅकवर उचलून, गाडी स्टँडवर टेकवून आणि गिअर न्यूट्रलला घेऊन, हाताने फिरवून बघितल्याशिवाय ती ताब्यात घेऊ नका.